बाटलीगणिक एक ओळ : संशोधन प्रयोगशाळेच्या साठ्याची वेब-नोंद कशी उभारावी

एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, हळदीचे नमुने लावले होते. सांगलीत हळदीचं कर्क्युमिन मोजणं हे बारमाही काम. निम्मे नमुने झाले आणि मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून सतत वाहणारं द्रावण, संपत आली. कपाट उघडलं, तर त्यासाठी लागणारं ॲसिटोनायट्रिल नाही. रजिस्टर दोन बाटल्या शिल्लक दाखवत होतं. तासभर शोधूनही मिळाल्या नाहीत, म्हणून नवीन मागवली. ती येईपर्यंत सगळं काम थांबलं आणि नमुने पुन्हा पहिल्यापासून लावावे लागले. पंधरा दिवसांनी कपाट आवरताना त्या दोन्ही बाटल्या सर्वांत खालच्या कप्प्यात, पाठीमागे निघाल्या. लेबलवर नाव होतं मिथाइल सायनाइड. ॲसिटोनायट्रिलचंच दुसरं नाव.

रजिस्टर खोटं बोलत नव्हतं. त्याला 'किती' माहीत होतं. 'कुठं' आणि 'कोणत्या नावानं' हे माहीत नव्हतं. या दोन प्रश्नांची उत्तरं देणारी नोंद उभारायला आम्हाला पाच-सहा महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून कामाचा क्रम, आम्ही केला तसा आणि काही ठिकाणी करायला हवा होता तसा, खाली लिहितो आहे.

आधी संगणक बंद ठेवा

पहिला आठवडा स्टोअरच्या दाराशी खुर्ची टाकून बसा. लोक काय विचारतात ते शब्दशः वहीत उतरवा. "मामा, ईथर कुठं ठेवलंय?" "उघडी बाटली आहे का, नवी फोडू?" "मॅडम, कालचा बफर कुणी संपवला?" आठवड्याअखेरी वही वाचलीत की सिस्टीमनं कशाची उत्तरं द्यायची ते आपोआप ठरतं. आमच्या वहीत 'कुठं' या शब्दानं पानं भरली होती.

लॅबमधले मामा, म्हणजे वर्षानुवर्षं बाटल्या हाताळणारे परिचर, हेच तुमची आजची चालती-बोलती सिस्टीम आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. स्क्रीनवरचे शब्द त्यांना विचारून ठरवा. आम्ही 'लोकेशन' लिहिलं होतं, त्यांनी 'कपाट-कप्पा' सुचवलं, आणि तेच राहिलं.

दुसरा निर्णय व्याप्तीचा. रसायनं, काचेची भांडी व टिप्स, उपकरणं, फ्रीजरमधले नमुने हे चार वेगळे संसार आहेत. उपकरणाला 'शिल्लक' नसते. त्याला डेडस्टॉक (कायम मालमत्तेच्या नोंदीचा) क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) मुदत असते. सगळं एकदम करायला गेलात तर काहीच पूर्ण होत नाही. फक्त रसायनांपासून सुरुवात करा, कारण चूक तिथंच महागात आणि जिवावर पडते.

तक्ते : इथं घाई करू नका

बहुतेक घरगुती सिस्टीम इथंच फसतात. एकच तक्ता असतो: रसायनाचं नाव, शिल्लक, कपाट. पण ॲसिटोनच्या पाच बाटल्या पाच जागी असतात, त्यांतली एक उघडी, एकीची मुदत संपलेली. त्या एका ओळीत बसत नाहीत. म्हणून 'पदार्थ' आणि 'बाटली' हे वेगवेगळे तक्ते करा. पदार्थ म्हणजे ॲसिटोन ही कल्पना. बाटली म्हणजे हातात धरता येणारी वस्तू. प्रत्येक बाटलीला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची ओळ.

पदार्थाच्या तक्त्यात मुख्य नाव, कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक नोंदणी क्रमांक), मोजण्याचं एकक, धोक्याचा प्रकार, साठवणुकीचा गट आणि किमान साठा. पर्यायी नावांसाठी वेगळा छोटा तक्ता ठेवा: एका पदार्थाला कितीही नावं. शोध या सगळ्या नावांतून चालला पाहिजे, म्हणजे कुणी 'मिथाइल सायनाइड' टाईप केलं तरी ॲसिटोनायट्रिलच समोर येईल. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही नावं याच तक्त्यात घाला.

कॅस क्रमांक हीच पदार्थाची खरी ओळख, आणि त्याचा एक गुण फार थोडे लोक वापरतात: त्याचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. ॲसिटोनायट्रिलचा क्रमांक ७५-०५-८. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेले अंक उजवीकडून घ्या आणि क्रमानं १, २, ३, ४ नं गुणा: ५ गुणिले १, ० गुणिले २, ५ गुणिले ३, ७ गुणिले ४. बेरीज ४८. तिचा एककस्थानचा अंक ८, म्हणजे क्रमांक बरोबर. ही तपासणी फॉर्ममध्ये चार ओळींत बसते. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की बहुतेक वेळा फॉर्म तिथंच अडवतो. ॲसिटोनच्या ६७-६४-१ वर स्वतः करून बघा.

बाटलीच्या तक्त्यात कंपनी, ग्रेड, लॉट नंबर, भरलेलं प्रमाण, आल्याची तारीख, मुदत, उघडल्याची तारीख, जागा आणि अवस्था: बंद, उघडी, संपली, विल्हेवाट लावली. 'उघडल्याची तारीख' हा रकाना मी सुरुवातीला अनावश्यक समजून गाळला होता. मग एकदा मामा म्हणाले, "सर, त्या ईथरला हात लावू नका, झाकणाला खडे धरलेत." डायएथिल ईथर उघडल्यावर हवेशी संयोग होऊन हळूहळू पेरॉक्साइड बनवतं, आणि झाकणापाशी साठलेले त्याचे स्फटिक झाकण फिरवण्याच्या घर्षणानंसुद्धा फुटू शकतात. खोली बंद केली, जाणकारांना बोलावलं, बाटली सुखरूप गेली. ती कधी उघडली होती हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. आता ईथर आणि तसंच पेरॉक्साइड बनवणाऱ्या टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकाच्या उघड्या बाटल्यांची यादी आपोआप निघते. उघडल्यावर ३ महिन्यांनी पेरॉक्साइडची चाचणी आणि ६ महिन्यांनी विल्हेवाट, हा आमचा नियम.

जागेचा तक्ता झाडासारखा करा: इमारत, तिच्यात खोली, खोलीत कपाट, कपाटात कप्पा. प्रत्येक जागेला 'आईजागा' जोडली की झालं. त्यात एक रकाना आणखी घाला: जमिनीपासून उंची, सेंटिमीटरमध्ये. तो कशाला, ते शेवटी सांगतो.

रोजकीर्द आणि खतावणी

मार्केट यार्डातल्या कोणत्याही जुन्या पेढीवर जा. आधी रोजकीर्द लिहिली जाते: आज काय आलं, काय गेलं, कुणाला दिलं. खतावणी तिच्यावरून उतरते. खतावणीतली शिल्लक कुणी परस्पर खोडत नाही. चूक झाली असेल तर रोजकीर्दीत उलटी नोंद पडते.

साठ्याची सिस्टीम नेमकी अशीच बांधा. 'शिल्लक' नावाचा, कुणालाही बदलता येईल असा रकाना ठेवूच नका. 'नोंद' नावाचा तक्ता ठेवा: कोणती बाटली, किती (आलं तर अधिक, गेलं तर उणे), कशासाठी, कुणी, कधी. शिल्लक म्हणजे त्या बाटलीच्या नोंदींची बेरीज. काही हजार नोंदींची बेरीज करायला डेटाबेसला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही, त्यामुळे वेगाची काळजी नको. नोंद खोडण्याची सोय कुणालाच नसावी, लॅबप्रमुखांनासुद्धा. चुकीची दुरुस्ती उलट्या नोंदीनं, आणि कारण लिहिणं सक्तीचं.

प्रमाणासाठी दशमान (डेसिमल) प्रकारचा रकाना वापरा, फ्लोट, म्हणजे अपूर्णांक जवळपास साठवणारा प्रकार, नको. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि रिकामी बाटली अनंतकाळ 'किंचित शिल्लक' दिसत राहते. साठवताना एकच एकक: घन पदार्थ ग्रॅममध्ये, द्रव मिलिलिटरमध्ये, बाकी नगात. किलो आणि लिटर दाखवायचेच तर फक्त पडद्यावर. ग्रॅमचं मिलिलिटर आपोआप करायच्या फंदात पडू नका. त्याला घनता लागते आणि ती प्रत्येक पदार्थाची वेगळी.

तयार घ्यावं की स्वतः बांधावं

तयार पर्याय आहेत आणि ते आधी चालवून बघा. ईलॅबएफटीडब्ल्यू ही मुक्त स्रोताची लॅब-नोंदवही आहे, तिच्यात साठ्याच्या वस्तूही ठेवता येतात. क्वार्ट्झी वेबवर चालतं, मागणी आणि साठा दोन्ही सांभाळतं. उपकरणांसाठी स्नाइप-आयटी उत्तम. डेडस्टॉकसाठी मी तेच सुचवेन. तुमच्या लॅबमध्ये प्रोग्रॅमिंग येणारं एकही माणूस कायमचं नसेल, तर तयारच घ्या. प्रकल्पाच्या विद्यार्थ्यानं लिहिलेली सिस्टीम तो पदवी घेऊन गेल्यावर अनाथ होते, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

आम्ही स्वतः बांधली, कारण मराठी नावं, कपाटांची उंची आणि आमच्या पद्धतीचं छापील रजिस्टर हे सगळं एकत्र हवं होतं.

बांधकाम

पायथॉन ही भाषा आणि तिच्यात वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा जँगो घ्या. कारण एकच: तक्ते लिहिले की जँगोचं ॲडमिन पान फुकट मिळतं, आणि पहिले दोन महिने तेवढ्यावर काम निभतं. क्रम असा ठेवा. आधी वरचे तक्ते मॉडेल (जँगोतली तक्त्याची व्याख्या) म्हणून लिहा. पदार्थ आणि बाटलीमधल्या नात्याला 'प्रोटेक्ट' लावा, म्हणजे बाटल्या असलेला पदार्थ चुकूनही पुसता येणार नाही. ॲडमिनमध्ये नोंदींची बदलण्याची व पुसण्याची परवानगी काढून टाका. मग वीस बाटल्या भरून आठवडाभर वापरा. उणिवा दिसतील, मॉडेल बदला, पुन्हा वापरा. फोनसाठीचा पडदा त्यानंतर.

डेटाबेस पोस्टग्रेस ठेवा. घरी शिकताना एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस चालेल, पण प्रत्यक्ष लॅबमध्ये दोन विद्यार्थी एकाच क्षणी एकाच बाटलीतून १०० मिलि काढल्याची नोंद करतात, आणि शिल्लक १५० च असते. दोघांनाही 'पुरेसं आहे' असं उत्तर मिळता कामा नये. त्यासाठी नोंद करताना व्यवहार सुरू करायचा, त्या बाटलीच्या ओळीला कुलूप लावायचं, बेरीज तपासायची, मगच नोंद टाकायची. जँगोत ओळीला कुलूप लावणारी सूचना आहे. एसक्यूलाइटवर ती काहीच करत नाही.

सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा भारतीय करायला विसरू नका. जँगोच्या नव्या प्रकल्पात तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो, म्हणजे ५ तास ३० मिनिटं मागे, आणि पहाटे लवकर केलेली नोंद आदल्या तारखेला पडते. तारखा दाखवताना महिना अक्षरात लिहा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, यावर मुदतीच्या बाबतीत वाद नको.

बाटली उचलली त्या क्षणाची नोंद

सिस्टीम जगते की मरते हे एका पडद्यावर ठरतं. हातात ग्लोव्ह आहेत, बाटली उघडली आहे, मागं कुणीतरी थांबलं आहे. अशा वेळी सात रकान्यांचा फॉर्म कुणी भरणार नाही. म्हणून: क्यूआर स्कॅन करा, प्रमाण टाका, 'नोंदवा' दाबा. एवढंच. माणूस कोण ते लॉगिनवरून कळतं, वेळ संगणक टाकतो.

प्रमाणाचंही ओझं कमी करता येतं. घन पदार्थाची बाटली नवी आली की झाकणासकट वजन करून ठेवा. नंतर पदार्थ काढला की बाटली पुन्हा तराजूवर ठेवायची आणि दिसेल तो आकडा टाकायचा. वजाबाकी सिस्टीम करते. ५०० ग्रॅम सोडियम क्लोराइडची बाटली भरलेली ५८२ ग्रॅम भरली, आज ५४७ दिसतेय, म्हणजे ३५ ग्रॅम गेलं. अंदाजे '३०-४० ग्रॅम' लिहिण्यापेक्षा हे जलद आणि खरं. स्वस्त द्रावकांसाठी पूर्ण, पाऊण, अर्धी, पाव अशी चार बटणं पुरतात. मिलिलिटरचा हट्ट फक्त जिथं कायद्यानं किंवा किमतीनं गरज आहे तिथं धरा. ॲब्सोल्यूट अल्कोहोल हे त्यातलं ठळक उदाहरण. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याचं रजिस्टर वेगळं आणि काटेकोर ठेवावं लागतं.

वेबपानातून फोनचा कॅमेरा वापरायचा असेल तर साइट एचटीटीपीएसवरच, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच, हवी. साध्या एचटीटीपीवर ब्राउझर कॅमेरा देतच नाही. यात आमचे दोन दिवस गेले. स्टोअरच्या टेबलावर यूएसबी स्कॅनर ठेवा. तो संगणकाला कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे वेगळं काही लिहावं लागत नाही, आणि मामांना तोच सर्वांत आवडला.

लेबलांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं पैसे वाया जातात. क्यूआरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता घालू नका. राउटर बदलला की पाचशे लेबलं निकामी. फक्त बाटलीचा क्रमांक घाला, आणि तोच क्रमांक खाली मोठ्या आकड्यांत छापा, कारण कधीतरी स्कॅनर बंद असणारच. बिलाच्या कागदासारखं साधं थर्मल लेबल रसायनांच्या लॅबमध्ये टिकत नाही. ॲसिटोनचा ओघळ लागला की छपाई जाते, गरम ओव्हनजवळ ते काळं पडतं. रेझिन रिबनवर छापलेलं पॉलिएस्टर लेबल घ्या. उणे २० अंशाच्या फ्रीजरसाठी क्रायो लेबलच हवं आणि ते बाटली थंड होण्याआधी, कोरड्या पृष्ठभागावर चिकटवायचं. गारठलेल्या बाटलीवर दव जमतं, आणि दुसऱ्या दिवशी लेबल ट्रेच्या तळाशी सापडतं. कंपनीचं मूळ लेबल कधीही झाकू नका. धोक्याच्या खुणा तिथंच असतात.

पहिली भरणी

जुनं रजिस्टर संगणकात उतरवू नका. त्यातल्या चुकाही उतरतील. कपाट उघडा, बाटली हातात घ्या, जे दिसतं ते भरा. एकानं वाचायचं, एकानं टाईप करायचं, दिवसाला एक कपाट. आम्हाला तीन आठवडे लागले आणि त्यातच अर्धा खोका मुदत संपलेला माल निघाला.

एक्सेलमधून आणणार असाल तर कॅस क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. एक्सेल अशा आकड्यांच्या कधी कधी तारखा करून टाकतं. हा त्रास इतका जुना आहे की माणसाच्या काही जनुकांची नावं २०२० मध्ये याच कारणानं बदलली गेली. 'मार्च १' हे जनुक एक्सेलमध्ये १ मार्च होत असे.

कपाट वर्णमालेप्रमाणं किंवा नुसत्या नावावरून लावलेलं असेल तर याच वेळी मोडा. ॲसेटिक आम्ल आणि नायट्रिक आम्ल दोन्ही 'आम्लं' म्हणून शेजारी बसवली जातात. पण ॲसेटिक हे ज्वलनशील सेंद्रिय द्रव, नायट्रिक हे तीव्र ऑक्सिडीकारक, आणि दोन्ही फुटून मिसळली तर आग लागू शकते. साठवणुकीचा गट पदार्थाच्या तक्त्यात आहेच. कुणी न जमणाऱ्या गटाच्या कपाटाची जागा दिली की सिस्टीमनं लाल पट्टी दाखवावी.

सूचना कमी, पण कामाच्या

किमान साठा अंदाजानं भरू नका. महिन्याला ४ लिटर ॲसिटोनायट्रिल लागतं आणि मागणीपासून माल यायला ३ आठवडे जातात, तर वाटेतल्या काळासाठी ३ लिटर, वर एक लिटर राखीव. म्हणजे ४ लिटरला सूचना. रोजकीर्द सहा महिने नीट चालली की हा हिशेब सिस्टीम स्वतः करू शकते. रोज ईमेल पाठवू नका, लोक वाचणं सोडतात. सोमवारी सकाळी एक यादी: काय मागवायचं, कशाची मुदत येतेय, कोणती उघडी बाटली तपासायची.

शनिवारी दुपारी सिस्टीमनं कोणत्याही दहा बाटल्या निवडाव्यात आणि एकानं जाऊन त्या जागेवर आहेत का ते पाहावं. वर्षअखेरीच्या प्रत्यक्ष पडताळणीची धांदल यानं खूप कमी होते. ऑडिटला छापील रजिस्टर लागतंच, म्हणून दर महिन्याला पीडीएफ काढून सही घ्या आणि फाइलला लावा.

सर्व्हर, वीज आणि पूर

छोट्या लॅबला जुना डेस्कटॉप पुरतो, यूपीएससकट. रोज रात्री २ वाजता पोस्टग्रेसचा डंप (सगळ्या माहितीची एका फाइलीतली प्रत) आपोआप निघावा: एक प्रत दुसऱ्या संगणकावर, एक क्लाउडवर, आणि आठवड्याला एक नदीपासून दूर राहणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली प्रत रिकाम्या संगणकावर प्रत्यक्ष चढवून बघा. आमची पहिली प्रत चढवली तेव्हा फाइल शून्य बाइटची निघाली. पासवर्ड बदलल्यापासून डंप रोज गुपचूप फसत होता.

२००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना 'इमारतीबाहेर प्रत' का, हे सांगावं लागत नाही. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. आणि जमिनीपासूनच्या उंचीचा रकाना इथं कामाला येतो. पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पाणी पस्तिशीकडं सरकू लागलं की आम्ही एक बटण दाबतो: तळमजल्यावर, दीड मीटरच्या खाली ठेवलेल्या सगळ्या बाटल्यांची यादी, पाण्याशी पेट घेणारे पदार्थ सर्वांत वर. तेलात बुडवलेलं सोडियम, मग कॅल्शियम कार्बाइड, मग तीव्र आम्लं, मग बाकीचं. यादी कागदावरच छापतो, कारण त्या दिवसांत वीज कधी जाईल सांगता येत नाही. प्रत्येक ओळीपुढं दोन चौकोन असतात, 'उचलली' आणि 'वर ठेवली'. एक प्रत मामांकडं, एक जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडं; दोन्ही प्रतींवरच्या खुणा जुळल्याशिवाय स्टोअरला कुलूप लागत नाही.